वर्गातलं पिस्तूल : टेक्सासची दहा वर्षं

१३ जून २०१५ रोजी टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी नेमबाजीच्या एका सराव केंद्रात ‘सिनेट बिल ११’वर सही केली. परवाना असलेल्या माणसाला सरकारी विद्यापीठाच्या इमारतींत, अगदी वर्गातही, लपवलेलं पिस्तूल जवळ बाळगता येईल, असा हा कायदा. अंमल १ ऑगस्ट २०१६पासून. ऑस्टिनच्या विद्यापीठात ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याआधी बरोबर पन्नास वर्षं, त्याच दिवशी चार्ल्स व्हिटमन हा विद्यार्थी रायफली घेऊन तिथल्या टॉवरवर चढला आणि दीड तासाहून अधिक वेळ खालच्या माणसांना टिपत राहिला.

त्या दुपारचा दाखला दोन्ही बाजू देतात. लोकांनी घरातून, गाड्यांतून शिकारीच्या रायफली आणून टॉवरवर गोळ्या झाडल्या, त्यामुळे व्हिटमनला कठड्याआड दबून राहावं लागलं, असं कायद्याचे समर्थक सांगतात, आणि ते खरं आहे. त्याच दुपारी अठरा वर्षांची एक गरोदर विद्यार्थिनी गोळी लागून तापलेल्या फरशीवर पडून होती. तिचं बाळ गेलं, सोबतचा मित्रही गेला. पुढे उतारवयात ती या कायद्याच्या विरोधात उभी राहिली.

समर्थकांची बाजू नुसत्या बंदूकवेडातून आलेली नाही, हे इथे सांगायला हवं. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये किलीन गावच्या ‘लूबीज’ या खाणावळीत एका माणसाने २३ जणांना मारलं. सुझाना हप आईवडिलांसोबत तिथे जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्याने ते पर्समध्ये ठेवणं गुन्हा होता. वडील हल्लेखोरावर धावून गेले आणि मारले गेले; आई त्यांच्यापाशी थांबली, तीही गेली. हप यांनी ही हकीकत ठिकठिकाणी सांगितली. १९९५मध्ये टेक्सासने परवान्याने लपवलेलं पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली, त्यामागे या साक्षीचं वजन मोठं होतं. पुढे त्या आमदारही झाल्या. त्यांच्यासमोर आकडेवारी मांडून वाद जिंकावा असं मला कधीच वाटलं नाही.

मग १६ एप्रिल २००७ला व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात गोळीबारात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही. या हत्याकांडानंतर ‘स्टुडंट्स फॉर कन्सील्ड कॅरी’ ही संघटना उभी राहिली. तिचा प्रश्न सरळ होता : जो परवानाधारक सिनेमागृहात आणि मॉलमध्ये शेजारी चालतो, तो वर्गाच्या उंबऱ्यावरच धोकादायक कसा होतो?

या प्रश्नाला टेक्सासात जबाबदार माणसांनी उत्तरं दिली. टेक्सास विद्यापीठ समूहाचे तेव्हाचे चॅन्सेलर विल्यम मॅक्रेव्हन हे नौदलाचे निवृत्त ॲडमिरल; ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईची सूत्रं त्यांच्याकडे होती. शस्त्रांची पुरती ओळख असलेल्या या माणसाने कॅम्पसवर पिस्तूल नको असं आमदारांना लेखी कळवलं. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी खटल्याची जोखीम पत्करून आपल्या वर्गात शस्त्रबंदी ठेवण्याचं जाहीर केलं. सुमारे पाचशे विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवणारे डॅनियल हॅमरमेश यांनी ऑस्टिनमधलं शिकवणंच सोडलं. खाजगी विद्यापीठांना कायद्याने नकाराची मोकळीक दिली होती. जवळपास सगळ्यांनी ती वापरली. ऑस्टिनच्या विद्यापीठाने नेमलेल्या समितीतल्या प्रत्येक सदस्याचं, त्यातल्या बंदूक बाळगणाऱ्यांचंही, मत वर्गात शस्त्र नसावं असंच होतं. तरीही कायदा तशी बंदी घालू देत नाही, म्हणून समितीला तशी शिफारस करता आली नाही.

पुढे काय झालं? वर्गावर्गांत गोळीबार होतील ही भीती खरी ठरली नाही. अंमल सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच टार्लटन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहात एका परवानाधारकाच्या हातून चुकून गोळी सुटली. सुदैवाने कुणाला लागली नाही. पिस्तूलवाल्या विद्यार्थ्याने हत्याकांड थोपवलं, असंही टेक्सासात घडलेलं नाही. ऑरेगनच्या अम्क्वा कॉलेजात २०१५मध्ये गोळीबार झाला, तेव्हा एक सशस्त्र माजी सैनिक कॅम्पसवरच होता. पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील म्हणून तो जागचा हलला नाही, आणि त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. यूटामध्ये तर २००४पासून अशी मुभा आहे. तिथल्याच एका विद्यापीठात सप्टेंबर २०२५मध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांना लांबच्या छपरावरून रायफलने मारलं गेलं. तिथे कुणाच्या कमरेचं पिस्तूल काय करणार होतं?

मला मात्र या दहा वर्षांतली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते ती ह्यूस्टन विद्यापीठातल्या एका स्लाइडवरची. फेब्रुवारी २०१६मध्ये तिथल्या अध्यापक सभेच्या अध्यक्षांनी सहकाऱ्यांना सावधगिरीच्या सूचना दाखवल्या. नाजूक विषयांवर बोलताना जपा. काही विषय अभ्यासक्रमातून गाळण्याचा विचार करा. समोरचा चिडलाय असं वाटलं तर तो मुद्दा पुढे नेऊ नका. विद्यार्थ्यांना वेळ ठरवूनच भेटा. हा काही विद्यापीठाचा अधिकृत नियम नव्हता. रोज शिकवणाऱ्या माणसांनी एकमेकांना दिलेला सल्ला होता. शिक्षकाने असं जपून बोलायचं ठरवलं की शिकवणं तिथेच आटतं, आणि बंदुकीला त्यासाठी दप्तरातून बाहेरही यावं लागत नाही.

ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका हेच म्हणणं घेऊन कोर्टात गेल्या. वर्गात शस्त्र असू शकतं या जाणिवेने आमचं बोलणं आक्रसतं, असा त्यांचा दावा होता. २०१७मध्ये तो फेटाळला गेला, २०१८मध्ये अपीलही. कुणीतरी पुढे काही करील या अंदाजापोटी तुम्ही स्वतःच गप्प बसत असाल, तर ती कोर्टात दाद मागण्याजोगी हानी नव्हे, असा निकालाचा आशय होता.

ऑस्टिनच्या प्राध्यापकांना निदान स्वतःच्या खोलीपुरता अधिकार मिळाला : केबिन एकट्याची असेल तर तोंडी सांगून तिथे पिस्तूल आणायला मनाई करता येते. टीचिंग असिस्टंटांचं तसं नाही. त्यांची खोली सामाईक, म्हणून मनाईचा हा अधिकारही नाही. पुण्या-मुंबईहून गेलेली आपली मुलं याच खोल्यांमध्ये बसतात. पेपर ती तपासतात, कमी गुण का दिले ते विद्यार्थ्याला समोरासमोर तीच सांगतात. एफ-१ व्हिसावरच्या परदेशी माणसाला संघराज्याच्या कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद वगळता, बंदूक बाळगताच येत नाही. म्हणजे स्वसंरक्षणाच्या नावाने दिलेला हक्क त्यांच्यासाठी नाहीच, आणि समोरच्याला ‘पिस्तूल बाहेर ठेवून ये’ म्हणण्याची सोयही नाही.

कायदा मागे घेतला जाईल अशी आशा टेक्सासात सध्या कुणी धरू नये. २०२१मध्ये तर त्या राज्याने रस्त्यावर पिस्तूल बाळगण्यासाठी परवान्याचीही अट काढून टाकली. कॅम्पसवर ती अजून आहे एवढंच. पण शस्त्रबंदीच्या जागा ठरवण्याबाबत काही मुभा याच कायद्याने विद्यापीठांना दिली आहे. सामाईक खोलीत बसणाऱ्या असिस्टंटला प्राध्यापकाइतकाच नकाराचा अधिकार द्यावा, ही मागणी त्या मुभेत बसवता येण्यासारखी आहे. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनमधल्या मराठी विद्यार्थ्यांनी आणि तिथे प्राध्यापक असलेल्या मराठी माणसांनी ती विद्यापीठांकडे लावून धरावी.