सीमेवर जवान काय खातात? कुकरची डाळ, सुकवलेला कांदा अन् पाकिटातला पुलाव

नाशिक : पोरगा देवळालीच्या तोफखान्यात असेपर्यंत घरच्यांना त्याच्या जेवणाची चिंता नसते. पोस्टिंग लडाख, सियाचिनला झाली की मात्र फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, 'जेवलास का?' तिथलं जेवणाचं गणित वेगळंच आहे.

डाळ शिजत का नाही?
समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांवर उकळतं. पुढे साधारण दर 300 मीटर चढाईला एक अंश कमी होतो. नाशिकला हा आकडा 98च्या आसपास, तर 6,000 मीटरवर जेमतेम 80. पाणी खदखदतं, पण डाळ कच्चीच राहते. म्हणून कुकरशिवाय तिथं स्वयंपाक होत नाही. पाणीही बर्फ वितळवूनच मिळतं.

ताजा कांदा का नाही?
आपल्या कांद्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. थंडीत तो गोठतो आणि नंतर सडतो. शिवाय एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे हेलिकॉप्टर थोडंच वजन उचलतं. त्यात पाणी कशाला वाहायचं? म्हणून उंचावरच्या चौक्यांवर सुकवलेल्या भाज्या आणि डबाबंद माल जातो. हिवाळ्यात झोजिला खिंड बर्फाने बंद होते, त्यामुळे लडाखचा साठा आधीच भरून ठेवावा लागतो.

पाकिटातलं जेवण
गस्तीवर लंगर सोबत नसतो. तेव्हा कामी येतात तयार जेवणाची पाकिटं. पुलाव, सुजीचा हलवा असे पदार्थ त्यात मिळतात. म्हैसूरला 1961 साली सुरू झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने असे पदार्थ विकसित केले. अन्न पाकिटात सीलबंद करून सुमारे 121 अंशांवर दाबाखाली तापवतात. जंतू मरतात, बाहेरून नवे शिरत नाहीत. त्यामुळे फ्रीजशिवाय ते महिनोन्‌महिने टिकतं.

उपासमारीचा धडा
रसद तुटली तर काय होतं, हे मराठी जवानांनी भोगलंय. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत इथं पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यात अडकली. त्यात मराठा पलटणीही होत्या. घोडे कापून खायची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस नाकारलं. ताजी भाजी नव्हती, त्यांना स्कर्व्ही झाला. गोऱ्यांना मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी जडला, तर आटा खाणारे हिंदी शिपाई त्यातून बरेचसे वाचले. विमानातून पीठ टाकूनही पुरलं नाही. 29 एप्रिल 1916 रोजी फौजेने शरणागती पत्करली.

पार्सल पाठवताना
उंचावर भूकच मरते. समोर ताट असूनही घास जात नाही आणि वजन घटतं. अशा वेळी घरचा ओळखीचा खाऊ दोन घास जास्त पोटात घालतो. पार्सल पोचायला वेळ लागू शकतो. त्यामुळे ओलं, तेल गळणारं टाळा. शेंगदाण्याची चिक्की, सुका चिवडा, नाशिकचे बेदाणे बिनधास्त पाठवा. शिजवावं लागेल असं काही नको.