वेदीवरचा कोसा

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात लीक नावाचं रेशमाच्या गिरण्यांचं गाव आहे. १८७९ साली तिथे एलिझाबेथ वॉर्डल या बाईंनी भरतकाम करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था उभी केली. या स्त्रियांच्या हातचं सर्वांत देखणं काम चर्चमधल्या वेदीसाठी झालं.

वेदीचं वस्त्र वर्षभर एकच नसतं. नाताळाआधीच्या आगमनकाळात ते जांभळं असतं, नाताळ आणि ईस्टरला पांढरं किंवा सोनेरी, पवित्र आत्म्याच्या सणाला आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल, तर मधल्या लांबलचक साध्या दिवसांत हिरवं. वसईच्या ख्रिस्ती वाचकांना हा क्रम पाठ असेल. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही दारातूनच कळतं की आज कोणता काळ चालू आहे. म्हणून हे वस्त्र केवळ सजावट नव्हे, उपासनेचा भाग आहे असं मी मानतो.

एलिझाबेथबाईंचे पती टॉमस वॉर्डल रंगारी होते. १८७५ मध्ये विल्यम मॉरिस त्यांच्याकडे मंजिष्ठा आणि नीळ यांची रंगाई शिकायला आला. यंत्राच्या ठोक मालाला कंटाळून हातकामाला पुन्हा मान देऊ पाहणाऱ्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचा तो मोठा आधार. वॉर्डल यांना मात्र वेड होतं ते भारतातल्या टसरचं, म्हणजे आपल्या विदर्भात ज्याला कोसा म्हणतात त्या रानरेशमाचं. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचा हा तपकिरी धागा रंग सहजी धरत नाही. वॉर्डल यांनी वर्षानुवर्षं खटपट करून त्याला रंग धरायला लावला.

लीकची पद्धत अशी: टसरच्या कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापायची, मग त्याच नक्षीवर रेशमाने भरायचं. कडेला जरीची तार नुसती वर ठेवून बारीक टाक्यांनी बसवायची, म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात पान न् पान उठून दिसतं. वेदीवस्त्रांचे आराखडे जॉन सेडिंग, नॉर्मन शॉ असे नामांकित वास्तुकार काढून देत. संस्थेच्या इतर भरतकामात अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेला एक नमुनाही आहे! आपल्या लेण्यांतली नक्षी आणि आपल्याच देशातलं रेशीम लीकच्या बायकांच्या सुईखाली एकत्र आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाची तऱ्हा वेगळी. पर्सी डिअरमर या धर्मगुरूंनी १८९९ च्या आपल्या पुस्तकात जुनी इंग्रजी रीत पुन्हा पुढे आणली: त्या चाळीस दिवसांत वेदी आणि मूर्ती कोऱ्या, विरंजन न केलेल्या लिननच्या कापडाने झाकायच्या, वर लाल-काळी साधी चिन्हं छापायची. झगमगाट नाहीसा झाला की ईस्टरच्या सकाळचं सोनं डोळ्यांत भरतं. डिअरमर समाजवादी होते. उपाशी शिवणारणीच्या हातून स्वस्तात शिवून घेतलेला झगा घालून धर्मगुरूने उपदेश करावा, हे त्यांना सहन होत नसे. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं.

प्रत्येक वस्त्र आपला काळ येईपर्यंत कपाटातच असतं आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं. तुमच्या चर्चमध्ये जुनं हातकामाचं वेदीवस्त्र असेल, तर त्याच्या घड्या घालू नका. जरीची तार सर्वांत आधी घडीवरच तुटते. भरतकामाची बाजू बाहेर ठेवून ते रुंद नळीवर गुंडाळा, स्वच्छ सुती कापडात ठेवा.