फुकटचा ई-मेल, पण किल्ली कुणाच्या हाती?

गेल्या जूनमधील गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या भगिनीने आमचे दार वाजवले. हातात कागदपत्रांची प्लास्टिकची फाईल, मागे रडवेली झालेली लेक. प्रवेशाच्या अर्जाचा पासवर्ड मुलगी विसरली होती. नवा पासवर्ड ई-मेलवर येणार होता आणि ई-मेल उघडत नव्हता. मुदत संपायला तीन दिवस उरलेले.

"भाऊ, पत्ता तर हिच्याच नावाचा आहे, मग उघडत का नाही?" आईचा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. जानेवारीत अर्ज भरताना सायबर कॅफेच्या दुकानदाराने घाईघाईत खाते उघडून दिले होते. नाव मुलीचे, पण मोबाईल नंबर त्याचा स्वतःचा, आणि पासवर्ड त्याच्या वहीत. दुकान मात्र एप्रिलमध्येच बंद झालेले.

वाचकहो, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. शाळा-कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरभरती, सगळीकडे ई-मेलचा पत्ता मागतात. तो फुकट मिळतो म्हणून आपण त्याकडे बाजारातल्या पिशवीसारखे पाहतो. वास्तविक आजमितीस तो घरच्या पत्त्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे. म्हणून या फुकटच्या सेवांमध्ये कोणती कशी आहे, हे एकदा समजून घेऊ.

कुठल्याही संगणकावरून उघडता येईल अशा फुकट ई-मेलला मोठे नाव मिळवून दिले ते हॉटमेलने. साबिर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी ४ जुलै १९९६ रोजी ही सेवा सुरू केली. त्या वेळी जागा मिळत असे अवघी २ एमबी. आजच्या मोबाईलमधला एक फोटोही कदाचित त्यात मावणार नाही! १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतले, आणि २०१३ पर्यंत त्याचे रूपांतर आउटलुकमध्ये झाले. जुने हॉटमेलचे पत्ते मात्र अजून चालतात. याहूची ई-मेल सेवा १९९७ ची. आपल्याकडे मुंबईच्या रेडिफची रेडिफमेल घरोघरी पोहोचली. जुन्या बायोडेटांवर तोच पत्ता असायचा.

मग १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल जाहीर केले. एक जीबी जागा फुकट, हे ऐकून पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. बाकीच्या कंपन्या तेव्हा काही एमबीच देत होत्या. ओळखीच्या माणसाचे निमंत्रण आल्याशिवाय खाते मिळत नसे, ते बंधन २००७ मध्ये सुटले.

आता जीमेल १५ जीबी देते. पण यात एक मेख आहे. ही जागा एकट्या ई-मेलची नाही. गूगल ड्राइव्हवरील कागदपत्रे त्यातच येतात, आणि १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये जाणारे नवे फोटोही त्यातच मोजले जातात. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ आपोआप तिथे चढत राहतात, जागा भरते, आणि मग नवी पत्रे येणेच थांबते. मुलाखतीचे पत्र आले नाही म्हणून कुणाला दोष देण्याआधी हे तपासावे. आउटलुकही पत्रांसाठी १५ जीबी देते.

'फुकट' या शब्दाचाही थोडा विचार हवा. पैसे घेत नाहीत, मग कंपनी चालते कशावर? बव्हंशी जाहिरातींवर. जाहिराती दाखवण्यासाठी जीमेल पत्रांतील मजकूर यंत्राने चाळत असे. २०१७ मध्ये ते थांबवत असल्याचे गूगलने जाहीर केले. याहूच्या बाबतीत वेगळेच घडले. २०१३ मध्ये तिथे चोरी झाली, आणि २०१७ मध्ये कळले की तेव्हाच्या सर्वच्या सर्व, सुमारे तीन अब्ज खात्यांना ती झळ पोहोचली होती. जुना याहूचा पत्ता असेल आणि तेव्हापासूनचा पासवर्ड तोच असेल तर तो आजच बदला. पत्रव्यवहार गुप्त राहावा असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आहे. तिथे पत्रे कुलूपबंद ठेवतात, कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. मात्र पासवर्ड विसरलात आणि सुटकेची सोय आधी करून ठेवली नसेल, तर जुनी पत्रे गेलीच समजा. आपल्या देशातली म्हणावी तर झोहो, मूळ चेन्नईची. २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला पत्ता तिकडे नेल्यावर तिचे नाव गाजले.

आमचे मत विचाराल तर सर्वसाधारण कुटुंबाने जीमेलच ठेवावे. अँड्रॉइड फोन घेतानाच बहुधा ते खाते उघडले जाते, आणि ते मराठीतही चालते. पण फोनच्या दुकानातील पोराने ते कोणत्या नावाने उघडले हे एकदा बघा. पुष्कळ आयाबहिणींना आपला ई-मेल आहे हेच ठाऊक नसते!

खाते न उघडता पडून राहिले तर तेही जाते. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे. याहूची मुदत तर बारा महिन्यांचीच आहे. तशीच सिमची गोष्ट. रिचार्जला पैसे नाहीत म्हणून आपण नंबर सोडतो, आणि काही काळाने कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते. खात्याला जोडलेला नंबर तोच असेल तर किल्ली परक्याच्या हाती गेली. नंबर बदलायच्या आधी खात्यात नवा नंबर घाला. जीमेलमध्ये दुहेरी तपासणी सुरू केली की दहा राखीव सांकेतिक अंकही मिळतात. ते कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फाईलीत ठेवावेत, फोनमध्ये नव्हे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून दुकानदाराचा नंबर मिळाला. तो गावी एका लग्नात होता. मागे बँडबाजा चाललेला, तरी बिचाऱ्याने आलेले अंक मोठ्याने वाचून दाखवले. मुलीने ते घातले आणि खाते उघडले. नव्या पासवर्डचे पत्र मागवले, ते येऊन पडले स्पॅममध्ये. त्याच्या खाली प्रवेशासंबंधीची आणखी दोन पत्रे होती, एक अठरा दिवसांपूर्वीचे. स्पॅममधली पत्रे तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात. कागदपत्रे तपासणीची तारीख त्यातच लिहिलेली होती, परवाची.

दुकानदाराचा नंबर काढून आईचा नंबर घातला, मगच आम्ही चहा घेतला.