शिट्ट्या नको, मिनिटं मोजा!

मेक्सिकोत ज्या पोर्कसाठी तांब्याची कढई आणि अख्खी सकाळ लागते, ते तुमच्या ओट्यावरचा पाच लिटरचा कुकर दीड-दोन तासांत जमवतो. फक्त त्याचा फंडा समजून घ्यायला हवा.

रविवारची सकाळ. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातलं किरोगा हे गाव. रस्त्याच्या कडेला तांब्याची भलीमोठी कढई, आत डुकराची वितळलेली चरबी आणि त्या चरबीत संथपणे शिजणारे मांसाचे मोठमोठे तुकडे. विक्रेता एक तुकडा बाहेर काढतो, लाकडी ठोकळ्यावर ठेवून सुऱ्याने खटाखट चिरतो आणि गरम मक्याच्या तोर्तियावर टाकतो. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि हिरवी साल्सा. झाला टाको! या मांसाला म्हणतात 'कार्नितास', म्हणजे शब्दशः 'छोटं छोटं मांस'. बाहेरून कुरकुरीत, आतून इतकं मऊ की बोटांनी धागे सुटावेत.

ग्वादालाहारा या मेक्सिकन शहरात भारतीय आयटी कंपन्यांची ऑफिसं आहेत. तिथे दोन वर्षं प्रोजेक्टवर काढून परतलेली माझी एक मैत्रीण पुण्यात आल्यापासून याच एका चवीसाठी झुरत होती. "बाकी सगळं मिळतं गं, हे नाही मिळत," हे तिचं पालुपद. तिची पुढची पोस्टिंग ठरली, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "जायच्या आधी मी करून घालते!"

आणि तोंडावर आपटले. कुकर उघडला तर आत खोडरबर! सहा जण जेवायला आलेले. सगळ्यांनी शहाण्यासारखं चावून चावून खाल्लं, अर्ध्या तासाने कोणीतरी हळूच पिझ्झा मागवला. मैत्रीण काही बोलली नाही, पण तिने फक्त कांदा-कोथिंबीर घालून तोर्तिया खाल्ला. ते जास्त लागलं.

तिच्या फ्लाइटला अजून आठ दिवस होते. म्हणून नेमकं काय चुकलं ते शोधायला बसले. चुका तीन निघाल्या. तिन्ही अशा, की आपल्यापैकी कुणीही करेल.

चूक पहिली : 'चांगलं' मांस

दुकानात गेल्यावर मी ऐटीत सांगितलं होतं, "चरबी नको, एकदम लीन द्या." दुकानदाराने पाठीचा, म्हणजे लॉइनचा सुंदर गुलाबी तुकडा दिला. दिसायला मस्त, या कामाला बाद.

कारण साधं आहे. जो स्नायू जनावर दिवसभर वापरतं, खांद्याचा किंवा पायाचा, त्यात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. भरपूर वेळ ओलसर उष्णता मिळाली की हेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. मटणाचा पाया थंड झाल्यावर जेलीसारखा थिजतो ना, तेच ते. हे जिलेटिन मांसाच्या धाग्यांमध्ये पसरतं, म्हणून धागे सुटतात आणि तरी रसदार लागतात. लॉइनमध्ये कोलॅजन कमी, चरबीही कमी. ते जास्त शिजवलं की विरघळायला काही नसतं, नुसतं पाणी निघून जातं आणि मांस कोरडं पडतं.

म्हणून मागायचं ते 'शोल्डर', थोडी चरबी असलेलं. आणि स्वस्त तुकडा घेताना लाजायचं नाही. मेक्सिकोतला कार्नितासवाला तर कातडी आणि पोटाचा भागही त्याच कढईत घालतो. तिथे गिऱ्हाईक नुसतं मांस हवं असेल तर 'मासीसा' मागतं, सगळ्याचं मिश्रण हवं असेल तर 'सुर्तिदा'.

चूक दुसरी : शिट्ट्यांचा हिशोब

आपल्या घरात स्वयंपाकाचं घड्याळ म्हणजे शिट्टी. भाताला तीन, डाळीला चार, मटणाला सहा. मीही पोर्कला सहा दिल्या. पण शिट्टी हे वेळेचं माप नाहीच! गॅस मोठा असेल तर सहा शिट्ट्या दहा मिनिटांत होतात, मंद असेल तर अर्ध्या तासातही होत नाहीत. कुकर किती भरलाय, त्यावरही ते ठरतं. शिट्टी एवढंच सांगते की आत पूर्ण प्रेशर झालंय आणि जादाची वाफ बाहेर पडतेय.

खरी जादू आतल्या तापमानाची. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळतं, त्याच्यावर जात नाही. बंद कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी साधारण 120 अंशांना उकळतं. या तापमानाला कोलॅजन झपाट्याने विरघळतं. उघड्या पातेल्यात जे काम व्हायला तीन तास लागतात, ते इथे पाऊण तासात होतं. पण तो पाऊण तास द्यावाच लागतो.

मेक्सिकोतही घरोघरी कुकर असतोच. तिथे त्याला 'ओया एक्स्प्रेस' म्हणतात. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. अशा ठिकाणी उघड्या भांड्यात राजमा शिजवणं म्हणजे संयमाची परीक्षा. तेव्हा कुकरमध्ये पोर्क शिजवणं ही काही आपली देशी पळवाट नाही. तिथल्या आयाही घाईच्या दिवशी हेच करतात.

तर नियम असा : पहिली शिट्टी झाली की गॅस मंद करायचा आणि मोबाइलवर 40 मिनिटांचा टायमर लावायचा. मधे एखादी शिट्टी झाली, नाही झाली, लक्ष द्यायचं नाही.

चूक तिसरी : घाई

गॅस बंद केल्या केल्या मी चमच्याने शिट्टी उचलली होती. फुस्स करून वाफ गेली आणि मला वाटलं, दहा मिनिटं वाचली. बाहेरचा दाब अचानक उतरतो तेव्हा मांसाच्या आतलं पाणी मात्र अजून शंभर अंशांच्या वर असतं. ते भसाभस उकळायला लागतं आणि रस बाहेर फेकला जातो. नंतर कितीही ग्रेव्ही ओता, धागे कोरडे ते कोरडेच. शिवाय ती गरम वाफ हातावर येते, हे वेगळं. गॅस बंद करा आणि कुकरला एकटं सोडा. पंधरा-वीस मिनिटांत प्रेशर आपोआप उतरतं.

चला, कुकर लावूया!

चार-पाच जणांसाठी साहित्य :

- पोर्क शोल्डर 1 किलो, दोन-दोन इंचांचे तुकडे
- मीठ 2 छोटे चमचे
- जिरेपूड 1 छोटा चमचा
- ओरेगानो 1 छोटा चमचा (पिझ्झासोबत आलेल्या पुड्यांचं अखेर कल्याण!)
- लसूण 8 पाकळ्या, कांदा 1, तमालपत्रं 2
- 1 मोठ्या संत्र्याचा रस, अर्ध्या लिंबाचा रस
- पाणी अर्धा कप

तुकड्यांना मीठ, जिरेपूड आणि ओरेगानो चोळा. बाकी सगळं घालून कुकर लावा. मांसाला स्वतःचं पाणी सुटतं, त्यामुळे जास्त पाणी ओतू नका, नाहीतर चव पातळ होते. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी, मग मंद आचेवर 40 मिनिटं, मग गॅस बंद आणि प्रेशर आपोआप उतरेपर्यंत गप्पा.

झाकण उघडल्यावर एक तुकडा काट्याने दाबून बघा. सहज फुटला तर पास. अडला तर घाबरू नका. झाकण लावा, आणखी 10 मिनिटं द्या. चिवट पोर्क म्हणजे बहुतेक वेळा बिघडलेलं नाही, अपुरं शिजलेलं पोर्क असतं.

कुकर इथे संपतो, तवा सुरू होतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुकर मऊ करतो, पण खरपूस करू शकत नाही. वाफेत कधी काही कुरकुरीत झालंय? कार्नितासच्या कढईत शेवटी आच वाढवतात, तेव्हा मांसाला सोनेरी रंग येतो. कोणी त्यासाठी थोडं दूध घालतं, कोणी संत्र्याचा रस, कोणी चक्क कोला. त्यातल्या साखरेने रंग लवकर धरतो.

आपण काय करायचं? तुकडे बाहेर काढून दोन काट्यांनी धागे सुटे करा. फार बारीक नको, भुगा होतो. कुकरमधल्या रसावर तरंगणारी चरबी चमच्याने बाजूला काढा. रस मोठ्या गॅसवर आटवून अर्धा करा. लोखंडी तव्यावर ती चरबी तापवा, धागे पसरा आणि हलवू नका! तीन-चार मिनिटांनी खालची बाजू तपकिरी झाली की एकदाच उलटा. वर आटवलेला रस शिंपडा. 'चर्र' आवाज आला की समजा, जमलं.

आणि ती भीती?

"पोर्क? नको बाबा, डोक्यात किडे होतात." हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. यातला खरा भाग असा, की अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून माणसाच्या आतड्यात फीतकृमी होऊ शकतो. पण नीट शिजवल्यावर तो धोका राहत नाही आणि 120 अंशांना 40 मिनिटं म्हणजे नीटच्याही पुढे. मेंदूत गाठी होतात त्या मात्र मांस खाऊन थेट होत नाहीत. त्या होतात या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून : दूषित पाणी, न धुतलेले हात, न धुतलेली कच्ची भाजी. म्हणजे या टाकोत काळजी घ्यायची ती मांसाइतकीच वर भुरभुरवायच्या कोथिंबिरीची. कच्च्या मांसाचा सुरी-पाट वेगळा ठेवा आणि हात साबणाने धुवा.

सोबत काय?

मक्याच्या तोर्तिया मोठ्या सुपरमार्केटात मिळतात. नाही मिळाल्या तर मक्याची छोटी भाकरी करा, हरकत नाही. हिरव्या साल्सासाठी मेक्सिकोत तोमातियो वापरतात. आपण कच्चे हिरवे टोमॅटो, हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर भाजून मिठासोबत वाटायचं, वर लिंबू पिळायचं.

हे फार परकं वाटत असेल तर एक गंमत. स्पॅनिश लोक यायच्या आधी मेक्सिकोत पाळीव डुक्कर नव्हतंच, ते सोळाव्या शतकात त्यांच्याबरोबर आलं. आणि त्याच शतकात मेक्सिकोची मिरची पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे आली. पुढे गोव्यात मिरची आणि पोर्क यांची गाठ पडली आणि विंदालू झालं. म्हणजे ही दोघं एकमेकांना आधीपासून ओळखतात, आपलीच ओळख व्हायची राहिली होती.

मैत्रिणीच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री पुन्हा कुकर लावला. या वेळी जेवायला दोघीच. पहिल्या शिट्टीनंतर ती सवयीने "दोन झाल्या का गं?" विचारायला लागली, मी मोबाइल पुढे केला : अजून 31 मिनिटं. तव्यावरचा पहिला टाको तिने उभ्या उभ्याच खाल्ला. दुसराही. मग म्हणाली, "किरोगासारखं नाहीये." माझा चेहरा पडला. तोवर तिचा हात तिसऱ्याकडे गेला होता.

"पण रेसिपी मेल कर. तिकडे मला कुकर घ्यावा लागेल."