गीतरामायण लागलं की घर थांबतं

पारनेर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्यातल्या कुठल्याही घरात, मोबाईलवर गीतरामायण लावून बघा. आजीचे निवडणात गुंतलेले हात थांबतात.

1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर रामकथा गाण्यांतून सांगणाऱ्या गीतरामायणाचं पहिलं गीत वाजलं. गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे शब्द; बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत. मग वर्षभराहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला नवं गाणं, एकूण 56! मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे किती आवाज होते! पुढे बाबूजींचाच स्वर घरोघरी रुजला, म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते.

तेव्हा रेडिओ मोजक्याच घरांत. लोक त्याला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत.

पुढच्या वेळी आजीशेजारी बसून ऐका आणि विचारा, तिनं पहिल्यांदा कुणाच्या ओसरीवर ऐकलं होतं?