उंदीर आणि आपले घर

कार्तिक महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला, की बेंगळूरच्या बसवनगुडी भागात भुईमुगाच्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. मोठ्या नंदीच्या देवळापाशी भरणाऱ्या या जत्रेला कन्नड भाषेत ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी नव्या पिकाच्या शेंगा घेऊन येतात आणि घरोघरी पिशवी-दोन पिशव्या शेंगा जातात. शहराला थंडीची चाहूल लागते ती याच सुमारास. शेतांतील पिके निघालेली असतात, बिळाबाहेरचे अन्न संपत आलेले असते; तेव्हा माणसांप्रमाणे उंदीरही उबेच्या आणि धान्याच्या शोधात घराकडे वळतो.

बेंगळूरची थंडी तशी सौम्य. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारणपणे १५-१६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. या थंडीने उंदीर मरत नाही; परंतु लहान शरीरातून उष्णता लवकर निघून जाते आणि ती भरून काढण्यासाठी त्याला अधिक खावे लागते. चुलीमागची फट, माळ्यावरील जुन्या गाद्या, कौलांखालची पोकळी अशी उबदार जागा मिळाली, म्हणजे त्याचे हे श्रम वाचतात. मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले होतात आणि ती पिल्ले तीनएक महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणून थंडीच्या प्रारंभी घरात शिरलेली एक जोडी उन्हाळ्यापर्यंत मोठे कुटुंब होऊन बसते.

ज्या बसवनगुडीत ही जत्रा भरते, त्या वसाहतीच्या इतिहासातही उंदराला स्थान आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये बेंगळुरात प्लेगची साथ आली. जुन्या पेठेत घरे एकमेकांना खेटून होती, गल्ल्या अरुंद होत्या आणि तरगुपेट, अक्कीपेट यांसारख्या भागांत धान्याचे मोठे साठे होते. उंदरांना याहून सोयीची वस्ती कोणती असणार? सहस्रावधी माणसे मृत्युमुखी पडली आणि कित्येकांनी घरे सोडली. दाट वस्तीबाहेर रुंद रस्त्यांच्या, हवेशीर वसाहती असाव्यात ही निकड सर्वांना पटली आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम् वसविण्याच्या कामाला वेग आला.

उंदीर पडू लागले, की घर सोडावे, हे त्या काळी महाराष्ट्रातही लोकांना अनुभवाने ठाऊक झाले होते. त्याचे कारण मात्र उमगले नव्हते. बेंगळुरात साथ येण्याच्या दोनच महिने आधी, जून १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. प्लेगने मरणोन्मुख झालेला उंदीर त्याने काचेच्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या वर, स्पर्श होणार नाही अशा रीतीने, जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. पहिला उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. प्रेत थंड होताच पिसवा ते सोडतात आणि दुसऱ्या उबदार शरीरावर उडी घेतात, हे त्यातून उघड झाले. दुर्दैवाने या निष्कर्षावर अनेक वर्षे विश्वास ठेवला गेला नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईत परळ येथे झालेल्या विस्तृत संशोधनाने त्याला पुष्टी मिळाली. मुंबई-पुण्याकडे साथीचा जोर थंडीत वाढून कडक उन्हाळ्यात का ओसरे, याचाही उलगडा झाला : उष्ण व कोरड्या हवेत पिसवा फार काळ तग धरीत नाहीत.

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत आणि बेंगळुरात ती भीती उरलेली नाही. तरीही उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग आजही माणसे दगावण्यास कारण होतो. म्हणून उंदीर मारण्यापेक्षा तो घरात येऊच न देणे श्रेयस्कर.

त्यासाठी क्रम लक्षात ठेवावा. प्रथम अन्न काढून घ्यावे. शेंगा, धान्य, डाळी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भराव्यात. पिशवी कुरतडणे उंदराला मुळीच अवघड नाही. थंडीत बेंगळुरी स्वयंपाकघरांत अवरेकाईची, म्हणजे आपल्या पावट्यासारख्या शेंगांची, टरफले साचतात. तीही रात्रभर घरात ठेवू नयेत. नंतर वाटा बंद कराव्यात. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. नळांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात, मोऱ्यांना जाळी बसवावी, दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी ठोकावी. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. लाकूड आणि कापडाचा बोळा त्यांपुढे टिकत नाही. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, कारण घरातील काळा उंदीर पटाईत गिर्यारोहक असतो.

एवढे केल्यावरच सापळा लावावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून भज्याचा किंवा खोबऱ्याचा तुकडा ठेवून पिंजरा काही रात्री उघडाच राहू द्यावा आणि मग लावावा. तो भिंतीलगत ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. विष हा शेवटचा उपाय. मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरी तर विशेष जपून. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये आणि लेंड्या कोरड्या झाडू नयेत; जंतुनाशक पाण्याने भिजवून पुसाव्यात.

आणि परिसरात एकाएकी अनेक उंदीर मरून पडलेले आढळले, तर ती सुटका समजून स्वस्थ बसू नये. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवावे. ही खूण पूर्वीही लोकांना दिसत होती. तिचा अर्थ आज आपल्याला ठाऊक आहे.