चार फुटी टाकीत पाकट मावेल का?

‘मामा, आपल्या टाकीत स्टिंगरे राहील का?’ हा प्रश्न आधी माझ्या भाच्याने विचारला, मग त्याच्या दोन मित्रांनी. मोबाइलवरच्या व्हिडिओत तो गोल, ठिपकेदार मासा पाण्यात पंख हलवत तरंगताना दिसतो आणि कुणालाही तो घरी असावासा वाटतो. मला घरात मासे पाळायला लागून बरीच वर्षं झाली, म्हणून ही चौकशी माझ्याकडे येते. इंदुरातल्या बऱ्याच घरांत अशी चार फुटी टाकी आहे. तेव्हा उत्तर सगळ्यांसाठीच लिहितो.

आधी मासा समजून घेऊ. समुद्रातल्या स्टिंगरेला कोकणात पाकट म्हणतात. गोड्या पाण्यातही पाकट असतात. जून २०२२मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत सापडलेलं पाकट ३०० किलोचं आणि जवळपास चार मीटर लांब होतं. गोड्या पाण्यातला आजवर नोंद झालेला सर्वांत वजनदार मासा तोच. दुकानात मिळतात ती त्याची दक्षिण अमेरिकेतली लहान भावंडं. त्यातलं नेहमी दिसणारं म्हणजे ‘मोटोरो’, तपकिरी अंगावर नारिंगी ठिपक्यांचं. ते अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि पाराना नद्यांच्या खोऱ्यांतलं.

दुकानातलं पिल्लू तळहाताएवढं असतं. फसगत इथेच होते. पूर्ण वाढलेल्या मोटोरोच्या अंगाची चकती ५० सेंटिमीटरपर्यंत रुंद होते, शेपूट वेगळी. आपली चार फुटी टाकी साधारण दीड फूट रुंद, म्हणजे ४५ सेंटिमीटर. मासा टाकीपेक्षा रुंद! वळणं तर सोडाच, त्याला धड पसरताही येणार नाही.

पाकट तळाशी राहणारा मासा आहे. त्यामुळे टाकीची उंची त्याच्या फारशी कामाची नाही, त्याला जमीन हवी. वळायला, पोहायला आणि वाळूत अंग पुरून बसायला मोकळा तळ लागतो. एका मोठ्या मोटोरोसाठी मी आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरतो. आता हिशेब करा. ६४ घनफूट म्हणजे सुमारे १,८०० लिटर पाणी. नुसत्या पाण्याचं वजन १,८०० किलो. काच, वाळू आणि स्टँड वेगळे.

हे वजन जेमतेम तीन चौरस मीटर जागेवर येतं, म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. राहत्या घरांच्या खोल्यांसाठी आपल्याकडचं मानक चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतं. म्हणून अशी टाकी तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवायचा विचार इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

पुढचा प्रश्न पाण्याचा. पाकट गांडुळं, कोळंबी असं मांसाहारी खाणं भरपूर खातं आणि तेवढीच घाण करतं. त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट काढायचं तर पाणी बदलावंच लागतं. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदललं तरी ६०० लिटर होतं. इंदूरची नर्मदा जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून येते आणि बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड असतो. त्यातून दर आठवड्याला ६०० लिटर, तेही क्लोरीन काढून, हे घरातल्या कुणाला तरी करावं लागेल. मे महिन्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. अशा वेळी काही तास वीज गेली तर मासाही संकटात आणि फिल्टरही. थंडीत हीटर लागतो, पण त्याला जाळी हवी, नाहीतर मासा त्यालाच टेकून बसतो आणि भाजतो.

शेपटीवर दातेरी विषारी काटा असतो. मासा स्वतःहून अंगावर येत नाही, पण टाकीत हात घालताना सावध राहावं लागतं. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून थेट डॉक्टरकडे जायचं.

कायद्याकडेही पाहा. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ करारात २०२२ साली लिओपोल्डी हे काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं पाकट आणि त्याचे काही भाऊबंद आले. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचीतल्या जिवंत विदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. म्हणून पैसे देण्याआधी जात नेमकी कोणती ते विचारा, कागद मागा आणि वन विभागाकडे चौकशी करा.

पण मला सर्वांत मोठा वाटतो तो वर्षांचा हिशेब. पाकट नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगू शकतं. आज अकरावीत असलेला मुलगा दोन वर्षांनी पुण्याला किंवा बेंगळुरूला जाईल. मग दर रविवारी ६०० लिटर पाणी कोण बदलणार? आजोबा? मोठं झालेलं पाकट परत घ्यायला दुकानदार क्वचितच तयार होतो. मग काहींना तलाव आठवतो. सिरपूर आणि यशवंत सागर या आपल्या रामसर पाणथळ जागा आहेत. तिथे परका मासा सोडणं म्हणजे तिथल्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या घरात घुसखोरी करणं.

तेव्हा माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तळाशी बागडणारे मासे आवडत असतील तर चार फुटी टाकीत गंगेच्या खोऱ्यातले यो-यो लोच पाच-सहा ठेवा. बारीक वाळू, लपायला दगडांच्या कपारी आणि वर पोहायला झेब्रा डॅनिओचा थवा. संध्याकाळी दिवे मंद केले की लोचची पळापळ बघत घरातली सगळी मंडळी टाकीपुढे बसतात. आणि मुलगा शिकायला बाहेर गेला तरी ही टाकी आजोबांना सहज सांभाळता येते.